तीनदा विचारायचं असतं

सकाळी क्लिफ्डनहून निघालो तेव्हा समुद्र इतका निळा होता की मला रागच आला. असं ऊन आमच्याकडे वर्षातून चार दिवस पडतं, आणि त्यातला एक माझ्या एकट्याच्या पदरात! ही कॅम्परव्हॅन घेतली ती माझ्या बायकोच्या, डोलोरेसच्या हट्टापायी. म्हणायची, "मॅलकी, तू निवृत्त झालास की किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडू." मी निवृत्त झालो आणि बाईसाहेब मार्चमध्ये गेल्या. आता दोघांच्या बिछान्यात मी एकटा तळमळत असतो.

पण आज हिंडायला निघालो नव्हतो. धाकटी बहीण इमेल्डा चाळीस वर्षं हॅम्बुर्गला होती. नवरा गेल्यावर परतली आणि अकिल बेटावर घर घेतलं. दोन वर्षांत मी एकदाही तिच्याकडे फिरकलो नाही. का? तर ती बोलावील म्हणून बसलो फुगून! परवा चर्चबाहेर कळलं, ती घर विकून पुन्हा जर्मनीला चाललीय. तिला थांबवायचं होतं. माझं म्हणावं असं दुसरं कुणी उरलं नाही.

किलरीच्या खाडीपाशी मेंढ्या रस्ता अडवून बसल्या होत्या. हॉर्न वाजवला, शिव्या घातल्या, एक हलेल तर शपथ. पलीकडे पर्यटकांची झुंबड, फोटो काढतायत. समोरून येणाऱ्या गाडीवाल्याला आम्ही स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करतो. दुपारपर्यंत माझं माणसांशी बोलणं झालं ते तेवढंच.

डूलफच्या तळ्याकाठी थांबून हॅमचं सँडविच खाल्लं. तिथे मोठ्यानं म्हणून पाहिलं, "इमेल्डा, जाऊ नकोस." दहादा म्हटलं, दहाही वेळा छान जमलं.

बेटाचा पूल ओलांडून चारला तिच्या दारात पोचलो. केस पांढरे झाले होते तिचे, अगदी आईसारखे.

"वाट चुकलास की काय?" ती म्हणाली.

"इकडून चाललो होतो." अकिलवरून कुठे जाणार, कपाळ? पुढे नुसता समुद्र!

"चहा घेणार?"

"छे छे, नको. आत्ताच झाला."

"बरं," म्हणाली आणि समोर बसली.

मी थांबलो. आमच्यात पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा 'उगीच त्रास कशाला' म्हणायचं आणि तिसऱ्यांदा खुर्ची ओढायची. शेंबड्या पोरालाही कळतं हे. ही मात्र ढिम्म. जर्मनांत राहून माणुसकी विसरली, असं मनात आलं. माझं डोकं फिरलं.

"जातेस म्हणे?"

"हो."

"बरं. सुखी राहा," म्हणालो आणि उठलो. दिवसभर गाडी हाकली ती एवढ्यासाठी!

व्हॅनमध्ये किल्ली फिरवली, पण पाय पेडलवरून हलेना. बाजूच्या रिकाम्या सीटकडे बघून वाटलं, डोलोरेसनं कान उपटले असते. उतरलो, पुन्हा दार ठोठावलं.

"खोटं बोललो," मी म्हणालो. "सकाळपासून चहाचा घोट नाही. तुला दुसऱ्यांदा विचारायला काय झालं होतं?"

इमेल्डा म्हणाली, "आणि तुला?"

"मला काय?"

"वेस्टपोर्टचं स्टेशन. एकोणीस वर्षांची होते मी. तू विचारलंस, 'राहतेस का?' मी नाही म्हटलं. तू बॅग वर ठेवलीस आणि घड्याळ बघत बसलास. गाडी हलेपर्यंत मी दारात उभी होते रे. म्हटलं, आता विचारील, आता विचारील."

चाळीस वर्षं मी गावभर सांगत होतो, पोरगी शेफारली, पाय रोवून म्हणाली जाते म्हणजे जाते.

"इमेल्डा, जाऊ नकोस."

"पुरे, मॅलकी."

"नको ना जाऊस."

"आता काय उपयोग त्याचा?"

"राहा गं." तिसऱ्यांदा म्हणताना मला रडू फुटलं. "मी फार एकटा पडलोय."

तिनं माझा हात हातात घेतला, आईसारखाच, दोन्ही हातांनी.

"सोमवारी घराच्या कागदांवर सह्या केल्या मी," ती म्हणाली. "रविवारपर्यंत तुझी वाट पाहिली."