कडक भाकरीचा सिद्धांत

निवृत्त विज्ञानशिक्षक सिद्धलिंगप्पांच्या मते दोन गोष्टी कायमच्या सिद्ध झालेल्या होत्या. पृथ्वी गोल आहे, आणि मैंदर्गीच्या मुलीच्या हातची कडक भाकरी कधी मऊ पडत नाही. दुसरीचा पुरावा घरातच होता. बायको सुंदरम्मा मैंदर्गीची, थोरली सून शिवलीलाही तिथलीच. त्यामुळे धाकट्या शिवानंदनं पंढरपूरच्या ऋतुजाचं नाव काढलं, तेव्हा त्यांनी जेवता जेवता नकार दिला.

"नदीकाठची हवा दमट असते. भाकरी मऊ पडणार."

"अप्पा, तिच्या घरचे आज उत्तर मागतायत. नाहीतर दुसरीकडं ठरवतील."

"ठरवू देत की."

भाकरी वाढायला आलेली शिवलीला थांबली. "अप्पा, ही भाकरी मी केलेली न्हाय. लग्न झाल्यापासनं सात रस्ता चौकातल्या दुकानातनं आणते. मला थापताच येत न्हाय."

अप्पांचा घास हातातच राहिला. गुरुत्वाकर्षणानं राजीनामा दिल्याची बातमी ऐकावी, तसे ते सुनेकडे बघत राहिले. पण वर्गात ते नेहमी सांगत, एक गृहीतक पडलं म्हणून सिद्धांत फेकायचा नसतो, दुरुस्त करायचा असतो.

"करणारी बाई मैंदर्गीची असेल."

"करमाळ्याची हाय."

"मग ज्वारी तरी तिकडची."

"मंगळवेढ्याची. दुकानावर पाटीच हाय की."

आता सगळा भार सुंदरम्मावर आला. अप्पा तिच्याकडे वळले. "तुला बघायला आलो, तेव्हाची भाकरी मी विसरलो नाही. तिच्यावरच तर होकार दिला."

सुंदरम्मानं शेंगाचटणी पुढं सरकवली. "ती शेजारच्या अक्कम्मानं केलती. माझी तव्यालाच चिकटली. पुढं सासरी आल्यावर तुमच्या अव्वानं शिकवलं मला."

उभा संसार ज्या पायावर होता, तो पाया शेजारणीचा निघाला. अप्पांनी शेंगाचटणी ताटात वाढून घेतली.

"अक्कम्मा कुठली?"

"माहेर पंढरपूर."

अप्पांच्या डोळ्यांत परत चमक आली. "म्हणजे मूळ सिद्धांत असा, की पंढरपूरच्या मुलीच्या हातची..."

"अप्पा," शिवानंद म्हणाला, "ऋतुजाला साधा चहा येत नाही."

अप्पांनी तांब्याभर पाणी पिऊन घेतलं. दुरुस्त करायला आता काही शिल्लकच नव्हतं.

"होकार कळव," ते म्हणाले. "आणि सात रस्त्याचं दुकान तिला दाखवून ठेव."

मग त्यांनी ताटातली भाकरी मोडली. कडकन आवाज झाला. निरीक्षण तेवढं बरोबर होतं.