साध्या गोळ्यांवर

डॉक्टरांनी चिठ्ठीवरची शेवटची ओळ खोडली आणि कागद पलंगावर बसलेल्या पेशंटच्या हातात दिला.

"आमच्या शिकाऊ डॉक्टरांनी सवयीनं लिहिली होती. ही गोळी तुम्हाला लागायची नाही."

"लागायची नाही म्हणजे?" शेजारची मोठी बहीण ताडकन उठली. "माझ्या वेळी पिशवी भरून दिल्या होत्या. पोटाला भोकं पाडलीत तुम्ही तिच्या!"

पेशंट शाळेच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. सकाळीच दुर्बिणीतून तिच्या अंडाशयावरची गाठ काढली होती. हसलं की टाके ओढायचे, आणि ताईनं तोंड उघडलं की हसवायचीच.

"भोकं बारीक आहेत," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "या दोन साध्या गोळ्या वेळच्या वेळी घ्यायच्या, दुखायची वाट न बघता. पोट शेकायचं, थोडं चालायचं. ती गोळी अफूच्या जातीची. देताना सढळ हातानं दिली जाते, मग उरते, आणि सवय लागायला वेळ लागत नाही. पण मुकाट्यानं सोसायचंही नाही. भागलं नाही तर मला फोन करा, मी स्वतः लिहून देईन."

"बोलायला तुमचं काय जातंय," ताई पुटपुटली.

धाकटीनं कागदाची घडी घातली. "जमेल मला."

ताईनं तिला आपल्याच घरी नेलं. आई गेल्यावर वेणीफणीपासून सगळं ताईनंच केलं होतं. आताही उशी सरळ कर, पाणी गरम कर, असं तिचं चाललेलं. संध्याकाळी धाकटीच्या खांद्यात कळ आली. ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या हवेनं खांदा दुखेल, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. भिंतीला धरून ती खोलीत येरझाऱ्या घालत राहिली. दात आवळून, पण थांबली नाही. हळूहळू कळ उतरली.

"फोन कर त्यांना," ताई दारातून म्हणाली. "म्हण, सहन होत नाही."

"होतंय की."

"म्हणायला काय जातं? लिहून तरी देतील."

दुसऱ्या दिवशी दुखणं कालच्यापेक्षा निम्म्यावर आलं. ताईचा हेका मात्र वाढला. चहा आणून दिला तेव्हा कप बशीत खुळखुळत होता. पंखा चालू असून तिच्या कपाळावर घाम होता, आणि ती सारखी जांभया देत होती.

"तू फक्त बोल. आणायला मी जाते. माझ्यासाठी एवढं कर."

धाकटीचा हात कपापाशी थबकला. ताईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला वर्ष उलटून गेलं होतं. तेव्हापासून ती भर दुपारी पेंगायची, मधेच उखडायची. वयाचं असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं.

"ताई, गोळ्या कुणाला हव्यात?"

ताईनं भरलेला कपच उचलला आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाला. बराच वेळ वाहत राहिला.

पाण्याला घाबरलेल्या मुलाला धाकटी कधी ओढून उतरवत नसे. पायरीवर शेजारी बसून राहायची. ती उठली, पोटावर हात दाबून ओट्यापर्यंत गेली आणि ताईला खेटून उभी राहिली. ताई धुतलेलाच कप पुन्हा धूत होती.

"भलतेसलते प्रश्न विचारू नकोस," ताई नळाकडे बघत म्हणाली. "आजारी तू आहेस."

"उद्या डॉक्टरांकडे जायचंय."

"का? फार दुखतंय?"

"हो. बघवत नाही मला."

ताईनं नळ बंद केला.

सकाळी जिना उतरताना ताईचं तोंड सुटलं. रिक्षा किती धक्के देते, डॉक्टर किती शिष्ट आहेत, दवाखान्यातल्या खुर्च्या कुणी निवडल्या असतील, रस्ताभर एकेकाचा समाचार घेऊन झाला. धाकटीनं तिचं कोपर सोडलं नाही.

नर्सनं दार उघडलं.

"पेशंट कोण?"

धाकटी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू लागली. ताईनं तिला खाली बसवलं, आपली पर्स तिच्या मांडीवर ठेवली आणि आत गेली.