काचेच्या खोलीच्या आड आलेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात उघडणारा, खाली जाड फळ्या, वर काच. स्वभावाने जरा कुरकुरा आहे, हे आधीच सांगून टाकतो. दमट हवेत फुगून बसतो, मग खांदा लावल्याशिवाय हलत नाही.

मला घडवणारा सुतार मोठा चोखंदळ होता. चौकटीत बसवल्यावर त्याने माझ्या फटीत कागद सरकवून पाहिला. कागद आत जाईना, तेव्हाच तो चहा प्यायला बसला. वाऱ्याला आत येऊ द्यायचं नाही, हे माझं काम. "मागचा दरवाजा आहे म्हणून थंडी निभावते," असं घरची माणसं पाहुण्यांना सांगायची, आणि मी आणखीच फुगायचो.

या घरात आत्या राहते. ती घरमालकाची आत्या, पण शेजारीपाजारीसुद्धा तिला आत्याच म्हणतात. ती घड्याळं दुरुस्त करते. पाय गेल्यापासून ती चाकाच्या खुर्चीत असते. तिची खोली अंधारी. दिव्याच्या उजेडात घड्याळातली बारीक चाकं तिला दिसेनाशी झाली. अंगणातल्या उजेडात जायचं, तर मध्ये मी आणि माझा उंबरठा. "अरे, कुणीतरी दार उघडा रे," अशी ती हाक मारायची. कुणी हसत यायचं, कुणी कपाळाला आठ्या घालून. पुढे पुढे तिने हाक मारणंच सोडलं. घड्याळ घेऊन आलेल्या माणसाला एकदा म्हणाली, "आता माझ्याच्याने नाही व्हायचं." ते ऐकून मला फार लागलं. तिला अडवणारा मीच होतो ना!

मग तिच्या भाच्याने, म्हणजे घरमालकाने, ठरवलं, मागे मोठी काचेची खोली बांधायची. तीन बाजूंना काच, डोक्यावर काच. मला काढायचं, उंबरठा सपाट करायचा, म्हणजे आत्या आपली आपण उजेडात जाईल. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

पण खोलीचा नकाशा काढायला आलेल्या बाईंनी बांधकामाचा नियम सांगितला. एवढी काच लावली तर थंडीत घराची ऊब निघून जाते आणि उन्हाळ्यात भट्टी पेटते, म्हणून काचेला मर्यादा असते. मात्र मध्ये दरवाजा राहिला, तर खोली घराबाहेरची धरतात आणि तेवढं बंधन नसतं.

भाच्याचा चेहरा खुलला. त्या बाई गेल्यावर तो बायकोला म्हणाला, तपासणीपुरता दरवाजा राहू दे, मग काढून टाकू. बायकोनेही मान डोलावली. म्हणजे मी नुसता दाखवायला! एवढी वर्षं इमानाने राबलो, त्याचं हे फळ.

आत्या तिथेच बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "काढायचा तर खरा काढ, नियमात बसेल अशी खोली बांधून. चोरून काढशील, तर पहिल्याच थंडीत ती खोली सगळं घर गारठवेल. मग तुम्हीच दरवाजा परत लावाल आणि मी परत आत बसून हाका मारीन."

भाच्याने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी त्याने नकाशावाल्या बाईंना पुन्हा बोलावलं.

खोली नव्याने आखली गेली. उन्हाच्या बाजूला विटांची भिंत आली. छतावर फक्त आत्याच्या टेबलापुरती काच राहिली. भाच्याच्या बायकोला पडल्या पडल्या आभाळ बघायचं होतं. तिने मन मारलं. काच सगळीकडे दुहेरी घेतली, तरी मर्यादेपेक्षा थोडी जास्तच होत होती. तेव्हा बाईंनी माझ्या वरच्या काचेचं माप घेतलं. जुनी काच जाते, तेवढी नवी चालते म्हणे. माझीही भर पडली! उरलेली कसर जुन्या घरात भरून काढायची होती. माळ्यावर ऊब धरून ठेवणारा जाड थर अंथरायचा, फटी बुजवायच्या. माळ्याच्या तोंडावर तर नुसती पातळ फळी होती, आणि ऊब तिथूनच पळत होती.

शेवटी माझ्या बिजागऱ्या निघाल्या. मग करवत आली. त्याबद्दल मी काही सांगणार नाही. माझ्या खालच्या फळ्यांचं माळ्याचं झाकण झालं. बसवल्यावर या नव्या सुतारानेही फटीत कागद सरकवून पाहिला. तो आत गेला नाही. मला माझा जुना सुतार आठवला.

आता मी छतात आडवा असतो. पाठीवर ऊबदार थर, खाली घरातली वाट. थंडी सुरू झाली तेव्हा एका सकाळी खालून चाकांचा आवाज आला. मी सवयीने आत्याच्या हाकेची वाट पाहिली. हाक आलीच नाही. चाकं न थांबता पुढे गेली. थोड्या वेळाने काचेच्या खोलीतून आत्या कुणाला तरी सांगत होती, "ठेव ते घड्याळ इथे. बघते मी."

मित्रांनो, आपल्या घराच्या फटी जरूर बुजवा. पण घरातल्या कुणाला उजेडात जायला हाका माराव्या लागत असतील, तर मधला दरवाजा आधी हटवा. आणि हटवाल तो खराखुरा हटवा. दरवाजाला काय वाटेल, याची काळजी करू नका. त्याला बरंच वाटतं.