बंद कंपनीचा चालू नंबर

लिफ्टवाल्याचा हॉस्पिटलातल्या नोकरीचा अर्ज नामंजूर झाला. साडेतीन वाजता संगणकाने तसा लाल शिक्क्याचा कागद छापून बाहेर सोडला, आणि पडताळणीवालीने तो उचलून कीबोर्डखाली सरकवला. फाइल बंद करायला पाचपर्यंत मुदत होती. तोवर काहीही पक्कं झालेलं नव्हतं.

मोठ्या संस्था माणूस नोकरीवर घेण्याआधी त्याची कुंडली तिच्या कार्यालयाकडून मांडून घेत. या कुंडलीत दोन दोष निघाले होते. पहिला, क्रेडिट स्कोअर नाही. लिफ्टवाल्याने उभ्या आयुष्यात कुणाकडून छदामही उसना घेतला नव्हता. आणि ज्याने कर्जच काढलं नाही तो ते बुडवणार नाही कशावरून, असं संगणकाचं म्हणणं होतं. दुसरा, आधीची कंपनी बंद. येत्या मंगळवारी त्याला अठ्ठावन्न पूर्ण होणार होती. त्यानंतर हे हॉस्पिटलच काय, कुणीच त्याला लिफ्ट दुरुस्त करायला ठेवणार नव्हतं.

कागदावर बंद कंपनीचा नंबर होता. तिने तो लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"बोला. कुठल्या मजल्यावर अडकलात?"

"अडकले नाही. मला एचआरशी बोलायचंय."

पलीकडे खुर्ची सरकली. कुणीतरी घसा साफ केला.

"बोलतोय."

तिने छापील प्रश्न पुढे ओढले. "तुमच्याकडे एक मेकॅनिक होते, चोवीस वर्षं. वागणूक कशी होती?"

"बरी. तोंडाने फटकळ."

"कामावर उशीर?"

"अकरा वेळा." पानं उलटल्याचा आवाज आला. "बारा. एक मागच्या पानावर आहे."

"शिस्तभंगाची कारवाई?"

"एकदा. तीन दिवस घरी बसवला. नव्या इमारतीचं उद्घाटन, पाहुणे दारात, आणि याने लिफ्ट बंद करून किल्ली खिशात घातली. ब्रेक झिजलेला. मालक म्हणाले, आजचा दिवस चालव. हा म्हणाला, जिना आहे की. सगळे पाहुणे सात मजले चढून गेले. मेमो वाचून दाखवू?"

"नको."

मेमो वाचून दाखवण्यात आला.

"आपला हुद्दा?" तिने लिहिता लिहिता विचारलं.

"इथे जरा घोळ आहे, मॅडम. तो मेकॅनिक मीच."

तिने पेन खाली ठेवलं.

"मग एचआर?"

"एचआरला चांगली नोकरी लागली. मालक वर गेले, लिफ्टशिवाय. पाटी भंगारात गेली. उरलो मी आणि हे रजिस्टर."

"अहो काका, स्वतःबद्दलचा शेरा स्वतः देता येत नाही. कंपनीतलं दुसरं कुणीतरी लागतं. आणि द्यायचाच होता, तर निदान जरा बरा तरी द्यायचा!"

"बरा कुठून देऊ? रजिस्टरात आहे तेच सांगणार ना."

"कंपनी नाही, तर नंबर कशाला चालू ठेवलाय?"

"आमच्या एकशे सदुसष्ट लिफ्ट आहेत बाहेर. प्रत्येकीत आतून स्टिकर आहे, अडकल्यास या नंबरवर फोन करा. कंपनी बंद झाली हे त्या स्टिकरना कोण सांगणार? घरची रोज म्हणते, फोन तरी सोडा नाहीतर मला तरी. थांबा हं, दुसरा फोन येतोय. तुम्हालाही जोडून घेतो, एचआरचं काम अर्धवट नको."

खुट्ट झालं आणि एक म्हातारा, चिडका आवाज कानात शिरला. "हॅलो! मी मधेच लटकलेय!"

"आजी, स्टिकरवरचा लिफ्टचा नंबर वाचा... हां, कळली इमारत. दिवा आहे आत? छान. खाली बसून घ्या. दाराला हात लावायचा नाही. आलोच." मग हळू आवाजात, "मॅडम, आजींशी बोलत राहाल? स्कूटरवर फोनवर बोलायचं नाही, असा कंपनीचा नियम आहे."

तिने उत्तर देण्याआधीच फोन खिशात गेला. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज मात्र साग्रसंगीत ऐकू आला. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

"कोण गं तू?" आजींनी विचारलं.

"मी... तुम्ही घाबरू नका, आजी."

"घाबरतेय कुठे? सुनेने बजावलं होतं, एकट्या जाऊ नका. आता जन्मभर ऐकवेल. त्यापेक्षा दोरी तुटलेली बरी."

"दोरी नाही तुटत, आजी."

"तुला काय माहीत? तू त्या कंपनीतलीच ना?" चिडका आवाज एकदम बारीक झाला होता. "खरं सांग हं. की कुणी उगाचच बोलतंय माझ्याशी?"

पडताळणीवालीच्या फोनवर रेकॉर्डिंगचा दिवा लुकलुकत होता. नोकरीबद्दल खोटं सांगणारे तीनशे जण तिने या वर्षात पकडले होते. तिने खुर्ची भिंतीकडे वळवली.

"हो, आजी. कंपनीतलीच आहे मी."

"मग ठीक," आजी म्हणाल्या, आणि सुनेचा विषय पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

स्कूटर थांबली. पावलं जिना चढू लागली. पाचव्या मजल्यापर्यंत धापा स्पष्ट मोजता येत होत्या. मग लोखंडाचा आवाज, दाराचा आवाज, आणि आजी. "सुटले गं! ठेवते. पगार वाढवून माग."

"मॅडम?" लिफ्टवाला धापा टाकत म्हणाला. "एक प्रश्न राहिला असेल ना तुमचा."

राहिला होता. "या माणसाला पुन्हा कामावर घ्याल का?"

पलीकडे कण्हत पायरीवर टेकल्याचा आवाज आला.

"गुडघ्याचं बघावं लागेल," एचआर म्हणाला. "पण घेईन."

पाचला दहा कमी असताना साहेब टेबलाशी आले.

"ती लाल फाइल गेली?"

"शेरा लिहितेय, साहेब."

"लालला कसला शेरा? लाल म्हणजे लाल."

"दोनच ओळी."

साहेब घड्याळाकडे बघत पुढे गेले. तिने पाठ ताठ केली, आणि तीनशे वेळा 'माहिती असत्य' लिहिलेल्या त्याच रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'मागील कंपनी चालू असल्याची खात्री प्रत्यक्ष केली आहे. अर्जदाराबद्दलचा शेरा कंपनीतील अन्य व्यक्तीने द्यावा असा नियम असल्याने, अधोस्वाक्षरीकर्तीने आज दुपारी चार वाजून पाच मिनिटांपासून सदर कंपनीत बजावलेली एकोणीस मिनिटांची विनावेतन सेवा नोकरी म्हणून ग्राह्य धरण्यात यावी, व अर्जदाराची कनिष्ठ सहकारी या नात्याने तिला शेरा देण्याची अनुमती मिळावी, ही नम्र विनंती.'