शर्ट धुतं कोण?

प्रबंधासाठी मी एक आधुनिक इंग्रजी कादंबरी तीन वर्षं पिंजत होते. लेखन जे झाकतं, त्याच्याच आधारावर ते उभं असतं, हे दाखवायचं म्हणजे विरचना. एवढं मला तोंडपाठ होतं. पण या कादंबरीचा नायक डोंगरावर एकटा राहतो, 'मला कोणाचीच गरज नाही' म्हणतो, आणि त्याच्या त्या तोऱ्यात मला कुठे फट म्हणून सापडेना.

आई लाँड्रीत इस्त्री करते. एका रविवारी घड्या घालता घालता तिने मला सगळी गोष्ट सांगायला लावली. मध्येच म्हणाली, "मेला पानोपानी पांढरा शर्ट घालतो. धुतं कोण?"

मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं. एक्केचाळीस स्वच्छ शर्ट, आणि धुणारं कोणीच नाही! त्या न लिहिलेल्या हातांवरच नायकाचा सगळा एकटेपणा उभा होता.

सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या तोंडी परीक्षेत शर्टांचा मुद्दा ऐकून बाहेरून आलेले परीक्षक आधी हसले. मग पुस्तक चाळू लागले आणि चाळतच राहिले.

"अठरा वर्षं शिकवतोय मी हे," ते म्हणाले. "ही दृष्टी कोणत्या तत्त्वज्ञाची?"

"मागच्या रांगेत बसल्यात," मी म्हणाले.

सगळ्या माना वळल्या. आई उभी राहिली, त्यांच्याकडे निरखून बघत म्हणाली, "साहेब, कॉलरला इस्त्री झकास झालीय. कोणी केली?"

परीक्षकांना नाव सांगता येईना. त्यांनी पेन काढलं आणि माझा प्रबंध मंजूर केल्याच्या अहवालावर सही केली.