व्हॅनिला दुधाचा ग्लास

मावशीला त्या खोट्या साहेबाची किळस यायला लागली होती. होता भाचाच, सख्ख्या बहिणीचा मुलगा, तिनेच कडेवर घेऊन खेळवलेला. पण दोन दिवस मुलाखतीची तालीम म्हणून तो तिच्या खाटेसमोर खुर्ची टाकून, पायावर पाय ठेवून साहेब बनून बसला होता आणि तिच्या प्रत्येक उत्तराला नाक मुरडत होता. एका ऑफिसात माणसं निवडायच्या खात्यात कामाला होता तो. त्यामुळे कुठल्या साहेबाला काय ऐकायला आवडतं हे फक्त आपल्यालाच कळतं, असा त्याचा तोरा.

मावशी चोवीस वर्षं एका डेअरीत दूध तपासायला होती. सकाळी कॅनच्या रांगा लागायच्या. ती झाकण उचलायची आणि दुधाला नाही, झाकणाला नाक लावायची. वास आधी झाकणाच्या आत धरतो, दुधात तो मागाहून कळतो. मिनिटाला सात-आठ कॅन व्हायचे तिचे. तिने खडूने फुली मारली की कॅन परत, मग तो कितीही बड्या माणसाच्या गोठ्यातला असो. लोक तिला नाकवाली म्हणायचे, शिव्या देतानाही आणि कौतुक करतानाही. ती डेअरी बंद पडून सात महिने झाले होते. नवरा ड्रायव्हर, तो डोळे अधू होऊन घरी बसलेला. आता एका मोठ्या कंपनीत दूध तपासायची एकच जागा निघाली होती. ही हातची गेली तर या वयात तिला दुसरी कोण देणार होतं?

म्हणून ती मुकाट ऐकत होती. भाच्याने म्हणे मुलाखत घेणाऱ्या साहेबांची सगळी कुंडली काढली होती. फोटो बघितले, भाषणं ऐकली. साहेबांना 'नाही' हा शब्द खपत नाही. कुरकुर करणारा माणूस तर डोळ्यांसमोर नको. नवं व्हॅनिला दूध त्यांनी स्वतः बाजारात आणलंय, त्यावर त्यांचा जीव आहे, तेव्हा विषय निघाला की कौतुकच करायचं. किती कॅन परत पाठवले हे सांगायचं नाही, किती कॅन वाचवले ते सांगायचं.

"अरे, नासलेला कॅन वाचवतात कसा?"

"मावशी, तुला नोकरी हवीय की भांडण?"

नोकरी हवी होती. तिने सगळं पाठ केलं. आरशासमोर उभं राहून हसायचीसुद्धा तालीम केली, आणि आपलेच विचकलेले दात बघून तिला शिसारी आली.

कंपनीतले साहेब पन्नाशीचे, गुळगुळीत दाढीचे, बोलायला अगदी गोड. टेबलावर काच, काचेखाली बक्षीस घेतानाचे फोटो, कोपऱ्यात धूळ बसलेली प्लास्टिकची फुलं. जुनी नोकरी कशी होती, असं त्यांनी विचारलं. फार शिकायला मिळालं, मावशी म्हणाली. एखाद्या कॅनची शंका आली आणि पुढचं मशीन दुधावाचून थांबलेलं असलं तर काय कराल? चोवीस वर्षांचं उत्तर जिभेवर आलं होतं, फुली मारून परत. ते तिने गिळलं आणि वरिष्ठांना विश्वासात घेऊन मार्ग काढेन, असं काहीतरी बोलून गेली. मेलं कसला मार्ग! पण साहेबांची मान डोलत होती, ते लिहून घेत होते.

मग शिपाई ट्रे घेऊन आला.

"हे आमचं नवं दूध," साहेब म्हणाले. "तुमचं नाव ऐकून आहे मी. बघा आणि अगदी मोकळेपणाने सांगा."

ग्लास तोंडापासून वीतभर लांब होता तेव्हाच तिला कळलं. ओल्या फडक्याचा वास. ओट्याखाली आठवडाभर विसरलेल्या फडक्याला येतो तसा, वरून व्हॅनिला ओतून दडपलेला. कुठल्या तरी पाइपच्या वळणात दुधाचा थर साचला होता आणि धुणारे ते वळण उघडत नव्हते. नाकाने हे सगळं तिला एका श्वासात सांगून टाकलं. तोंड मात्र भाच्याकडे गहाण पडलं होतं.

"छान आहे," ती म्हणाली. "मुलांना फार आवडेल."

आणि प्यायली. एक घोट घेऊन ठेवला असता तरी चाललं असतं, पण हिने लाचारीची हद्द केली, अख्खा ग्लास रिकामा केला. साहेबांनी वहीत खूण केली आणि सोमवारपासून या म्हणाले.

खाली आवारात नळ होता. तिने चूळ भरली, पुन्हा भरली, जीभ बोटाने घासली. घशातला वास काही जाईना. नोकरी मिळाली होती आणि तिला स्वतःच्या तोंडाची घाण वाटत होती.

तिथे पांढरा एप्रन आणि रबरी बूट घातलेली, तिच्याच वयाची एक बाई उभी होती. ती या कंपनीतली दूध तपासणारी. मावशीला बघून तिचा चेहरा उजळला. तुम्ही नाकवाल्या ना, असं विचारून तिने भडाभडा सगळं सांगितलं. पंधरा दिवस ती वासाबद्दल ओरडत होती. साहेबांना वास येत नव्हता. शेवटी तेच म्हणाले, मुलाखतीला बाहेरची जाणकार माणसं येणार आहेत, प्रत्येकाला ग्लास देऊ. एकाने जरी वास येतो म्हटलं तर काम थांबवून पाइप उघडतो, नाहीतर तुम्ही घरी बसा. मावशीच्या आधी चौघे येऊन गेले, चौघांनीही छान म्हटलं. हा माल उद्या शाळांमधून वाटायचा होता.

"पण यादीत तुमचं नाव बघितलं आणि माझा जीव भांड्यात पडला," ती म्हणाली. "काय सांगितलंत वर?"

मावशीला तिच्याकडे बघवेना. छान म्हणाले, असं ती पुटपुटली. त्या बाईचा चेहरा उतरला, आणि मावशी तशीच जिन्याकडे वळली.

दार न वाजवताच ती आत शिरली. दुधाला वास येतोय, वळणावरचा पाइप उघडा, माल थांबवा, असं एका दमात म्हणाली. साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"खाली त्या बाई भेटल्या वाटतं तुम्हाला," ते म्हणाले.

"भेटल्या. पण वास मला आधीच आला होता. नोकरी जाईल म्हणून बोलले नाही मी."

"बाई, तुमच्या एका शब्दावर मी आज सगळं काम थांबवणार होतो. म्हणून तर मोकळेपणाने सांगा म्हटलं. तुम्ही सगळा ग्लास प्यायलात. आता कुणाची तरी नोकरी वाचवायला तुम्ही उलटं सांगताय, आणि मी ते खरं मानू?"

तिने हात जोडले. दुसरा ग्लास मागवा म्हणाली, पाइप उघडून वास निघाला नाही तर मला घेऊ नका म्हणाली. साहेबांनी वहीतल्या तिच्या नावावर रेघ ओढली आणि शिपायाला दार उघडायला सांगितलं.

ती खाली आली तेव्हा गाडीत क्रेट चढत होते, एकावर एक, भराभर. ती बाई एप्रनच्या गाठी सोडत होती. वर काय झालं हे तिने विचारलं नाही.

"मी आधीच बोलायला हवं होतं," मावशी म्हणाली.

"हो," ती बाई म्हणाली, आणि एप्रन पिशवीत कोंबून फाटकाकडे चालू लागली.