गोतमीचा चौकोन

चिठ्ठी उघडली, गोजाबाईला विशाखा आली, आणि ती तिथेच पेटली.

विशाखा म्हणजे बुद्धाच्या काळातली श्रीमंत बाई. दहा मुलगे, दहा मुली, आणि एकही दगावलं नाही, असं भन्तेजींनी पावसाळ्यातल्या वर्षावासात वाचून दाखवलं होतं. गोजाबाईला एकच मुलगी झाली, चारू. ती सहाव्या वर्षी गेली. आता तिने बसून वीस जिवंत पोरांची आई शिवायची.

मुरबाड तालुक्यातल्या एका गावात २००३ साली बौद्धवाड्यातल्या बायकांनी ठरवलं होतं, नव्या विहाराच्या भिंतीवर लावायला मोठी गोधडी करायची. धम्मातल्या बायांची. एकेकीने एकेक बाई चौकोनावर शिवून आणायची, मग सगळे चौकोन जोडायचे. कुठली बाई कोणाला, यावरून भांडणं नकोत म्हणून महिला मंडळाची अध्यक्षीण बाईजाआत्याने चिठ्ठ्या टाकल्या. भांडण काही टळलं नाही.

गोजाबाईला किसा गोतमी पाहिजे होती. मेलेलं पोर कडेवर घेऊन ती दारोदार औषध मागत फिरली होती. बुद्ध तिला म्हणाले, ज्या घरात कोणी मेलं नाही त्या घरातून मूठभर मोहरी आण. तसं घर तिला मिळालं नाही. गोजाबाईही पोर घेऊन फिरली होती. तापाने फणफणलेल्या चारूला नवऱ्याच्या, रामाच्या, मांडीवर देऊन मुरबाडच्या स्टँडवर कल्याणच्या जीपमध्ये बसली होती, आणि सगळ्या सीटा भरल्याशिवाय ड्रायव्हर जीप हलवत नव्हता. हलवली तेव्हा उशीर झाला होता. गोतमी कशी चालली असेल हे सांगायला तिला भन्तेजी नको होते.

आणि गोतमी गेली दीप्तीला. बुद्धभूषणची बायको. दोन वर्षांपूर्वी टिटवाळ्याहून लग्न होऊन आलेली. नवऱ्याला पगार, घरात शिलाई मशीन, अंगणात रांगणारा गुबगुबीत पोरगा. हिने गोतमी शिवायची!

सगळ्या उठून गेल्यावर गोजाबाई म्हणाली, "आत्या, माझी चिठ्ठी बदल."

"चिठ्ठी ती चिठ्ठी."

"माझं पोर गेलंय. तिचं अंगणात खेळतंय."

"कोणाचं गेलं नाय गो? माझी दोन गेली. गोतमी तेच शिकली ना?"

"सगळ्यांची मेली म्हणून माझी कमी मेली काय?"

बाईजाआत्याने पिशवी उचलली आणि वाट धरली.

लोक म्हणतील, दुःखाचा कसला हेवा करायचा? करतात. ज्याच्याकडे दुसरं काही नसतं तो दुःखावर पण कुंपण घालतो. गोजाबाईने चारूचा फोटो भिंतीवर लावू दिला नव्हता, तिचं नाव वाड्यात कोणाला काढू दिलं नव्हतं. तिचा पिवळा फ्रॉक, खिशावर बदक असलेला, पेटीत तळाशी होता. गोतमी मिळाली असती तर तोच ती चौकोनावर लावणार होती. आता विशाखा शिवताना तिने वीस पोरांच्या जागी वीस बटणं लावली, तीही जुन्या शर्टांची, कोणतं कोणाला जुळत नाही अशी.

एक दिवस दीप्ती दारात आली. खांद्याला पिशवी.

"जय भीम, काकी. मी घरोघर फिरतेय. प्रत्येक घरातून गेलेल्या माणसाच्या कपड्याचा तुकडा मागतेय. त्यांचीच गोतमी करणार. बाईजाआत्यांनी यजमानांचं धोतर दिलं. लडकूभाऊंनी आईचं लुगडं. तुमच्याकडून काय देता?"

गोजाबाई भाकरी थापत होती. हात थांबला. म्हणजे आता माझी चारूसुद्धा हिच्या चौकोनात जाणार. माझ्या पोरीवर हिची कात्री चालणार, आणि शाबासकी हिला.

"आमच्या घरात कोण मेलं नाय," ती म्हणाली.

"सासू-सासरे?"

"ते थोरल्या दिराकडं वारले. या घरात कोण नाय."

दीप्तीचे डोळे भरून आले. "काकी, अख्खा वाडा फिरले, हे एकच घर निघालं. मग मला मूठभर मोहरी द्या ना."

गोजाबाईने पिठाच्या हातानेच मिसळणाचा डबा उघडला आणि मोहरीची मूठ तिच्या पदरात टाकली. घे. शीव आता. कर खोटी गोतमी. दीप्ती पाया पडून गेली, आणि त्या रात्री गोजाबाईला भाकरी गोड लागली.

चौकोन जोडायच्या दिवशी विहारात सतरंजीवर सगळे मांडले. विशाखाकडे कोणी पाहिलं नाही. सगळ्या जणी गोतमीभोवती जमल्या. दीप्तीची शिलाई अशी की टाका दिसू नये. बाईचं लुगडं सगळं तुकड्यांचं, हात पुढे पसरलेले, आणि ओंजळीत जाळीच्या कापडाची चिमुकली थैली, आत मोहरी.

"अगो, हे तर आमच्या ह्यांचं धोतर!" बाईजाआत्याने तुकड्यावर गाल टेकला. एकीने सुरू केलं तशा सगळ्या रडू लागल्या. गोजाबाई कोरडी बसून राहिली. रडायलासुद्धा आता हिच्या दारात रांग.

रामा आणि लडकू भिंतीवर बांबू ठोकायला आले होते. लडकूने वाकून पाहिलं. "आणि मोहरी कशाला गो? तिला तर मिळाली नव्हती."

"मला मिळाली ना!" दीप्ती हसली. "आपल्या वाड्यात तसं एक घर आहे. गोजाकाकींचं."

लडकू नुसता खोकला.

रामाच्या हातात हातोडी तशीच राहिली. "कोण बोललं तुला?"

"काकीच म्हणाल्या."

रामाने बायकोकडे पाहिलं. "आपली चारू?"

"ती घरात नाय मेली," गोजाबाई म्हणाली. "जीपमधी मेली."

"माझ्या मांडीवर होती ती," रामा म्हणाला. "माझी मांडी काय स्टँड होता?"

हातोडी खाली ठेवून तो निघून गेला.

दीप्तीला कोणीतरी कानात सांगितलं. ती कात्री घेऊन थैली उसवायला लागली. "काकी, मला माहीत नव्हतं हो. हा चौकोन तुम्हीच घ्या. तुमचाच आहे."

"आता देतेस? सगळ्यांसमोर? भीक?" गोजाबाई ओरडली. पण चौकोन तिने हिसकावून घेतलाच.

घरी रामा ओट्यावर पाठमोरा बसला होता. तिने पेटी उघडली, फ्रॉक काढला, कात्री घेतली, आणि तिथेच अडकली. लावायचा म्हणजे कापायला लागणार, हे इतकी वर्षं डोक्यात आलंच नव्हतं. बाईजाआत्याने धोतर कापू दिलं होतं. लडकूने आईचं लुगडं. तिला जमेना. कात्रीच्या पात्यात कापड धरायची आणि सोडून द्यायची.

शेवटी ती फ्रॉक घेऊन ओट्यावर गेली. "धरा एक टोक."

रामा हलला नाही.

"धरा ना. एकटीच्यानं नाय होत."

त्याने हात पुढे केला. कापड बोटांत चोळलं. "बदक नको कापू," तो म्हणाला.

"नाय कापत. खालचा घेर घेते."

कात्री चालली तेव्हा त्याने तोंड फिरवलं, पण टोक सोडलं नाही.

जाळीची थैली उसवून तिने मोहरी डब्यात परत टाकली, आणि गोतमीच्या रिकाम्या ओंजळीत पिवळा तुकडा बसवला. दीप्तीने सगळीकडे कापडाच्या रंगाचा दोरा वापरला होता. गोजाबाईने पोत्याला लावतात तो जाड काळा दोरा घेतला.

विहाराच्या उद्घाटनाला भन्तेजी गोधडीपुढे थांबले. "ही गोतमी कोणी केली?"

"दीप्तीनं," बायका एका सुरात म्हणाल्या.

"तो पिवळा तुकडा माझा हाय," मागून गोजाबाईचा आवाज आला. "माझ्या चारूचा."

भन्तेजींनी मान डोलवली आणि ते दीप्तीच्या नाजूक टाक्यांवरून बोट फिरवू लागले. गोजाबाईने दात आवळले. दाराजवळ रामा कोणाला तरी लांबूनच हात करून दाखवत होता, तो बघ, काळ्या दोऱ्याचा.